ह्यांच्या मेंदूपर्यंत गेलेला सिफिलिस: निदान, पेनिसिलिन आणि नंतरची दोन वर्षं

शारीरिक संबंधातून लागणारा सिफिलिस मेंदूत शिरतो, तिथे वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि उतारवयात डोकं वर काढतो, हे मला जून २०२३ मध्ये कळलं. त्या रात्री बांबोळीच्या सरकारी इस्पितळात वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर मराठीत शोधत होते आणि समोर येत होत्या त्या गुप्तरोगांवरच्या औषधांच्या जाहिराती. जिचा नवरा आत खाटेवर आहे आणि जिला हे निदान नुकतंच सांगितलंय, तिच्या उपयोगाचं त्यात काही नव्हतं. म्हणून हे लिहितेय. ह्यांची संमती आहे. मसुदा वाचून त्यांनी दोन तारखा दुरुस्तही करून दिल्या. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. हे खाण कंपनीत टाइमकीपर होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे नोकरी सुटली, तेव्हा गावच्या देवस्थानाचे हिशेब त्यांनी अंगावर घेतले. २०२२ च्या गणेशचवथीनंतर त्या वह्यांत पहिल्यांदा गोंधळ दिसू लागला. एकच पावती दोनदा चढवलेली, बेरीज अर्ध्यावर सोडलेली, अक्षर थरथरलेलं. दिवाळीपर्यंत स्वभावच बदलला. पैसा जपून वापरणारा माणूस देवळात सगळ्यांसमोर सांगू लागला की चांदीची पालखी मी स्वखर्चाने करून देणार. आमची मिळकत किती, हे साऱ्या गावाला ठाऊक. कुणी हसलं की भांडण. एका सकाळी सुट्ट्या पैशांवरून पाव देणाऱ्या पोदेरावर ते धावून गेले, तेव्हा शेजारच्यांना मध्ये पडावं लागलं. बोलताना शब्दातली अक्षरं मागेपुढे व्हायची, ओठ थरथरायचे.

त्याच्याही आधीपासून पायांचं दुखणं होतं. अचानक मांडीतून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ, क्षणात बंद, दिवसभरात कितीतरी वेळा. सायटिका म्हणून पट्टा बांधला, तेल लावलं. न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून मुलाने भिंतीला दांडी बसवून दिली. हिशेब, राग, पाय, तोल या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आमच्याच काय, कुणाच्याच मनात आलं नाही.

मार्च २०२३ मध्ये एका खासगी डॉक्टरांना दाखवलं. तपासणीचे ७०० रुपये, एमआरआयचे साडेसात हजार. मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग वयाच्या मानाने जास्त आकसलाय, असं रिपोर्टात होतं. डिमेन्शिया आहे, गोळ्या देऊ, पण हे आता वाढतच जाणार, असं सांगण्यात आलं. रक्तातली साखर सोडून दुसरी तपासणी लिहून दिली नाही. विस्मरण, स्वभावातला बदल किंवा चालण्यातला दोष यापैकी काहीही नव्याने सुरू झालं असेल, तर बी-१२, थायरॉइड, एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (ही सिफिलिसची) या चार रक्ततपासण्या झाल्यात का, हे स्वतःहून विचारा. कारण त्यांतून सापडणारी चारही कारणं उपचार करता येण्यासारखी आहेत आणि नुसतं एमआरआय बघून ती ओळखता येत नाहीत. विचारताना संकोच वाटला तर मी इथे लिहिलेली नावं कागदावर उतरवून कागदच पुढे करा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस नुकता लागलेला असताना, पहाटे ह्यांना आकडी आली. १०८ ला फोन केला, गाडी आली आणि आम्ही बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पोचलो. आकडी औषधाने थांबली. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण आली. मुलीच्या वयाची. तिने टॉर्च डोळ्यांवर मारला, बाजूला केला, परत मारला. बाहुल्या बारीक होत्या, पण उजेडाने हलल्या नाहीत. मग तिने आपलं बोट ह्यांच्या नाकाजवळ आणलं आणि त्याकडे बघायला सांगितलं. तेव्हा मात्र बाहुल्या आणखी आकसल्या. तिने ते तीन-चारदा करून पाहिलं. नंतर पाय जोडून उभं केलं. डोळे उघडे असताना नीट उभे राहिले, मिटायला सांगितल्याबरोबर डोलायला लागले आणि वॉर्डबॉयने धरलं. न्हाणीघरात होत होतं ते हेच. पायातल्या कळांविषयी तिने स्वतःहून विचारलं तेव्हा मला नवल वाटलं, कारण ती तक्रार मी सांगितलीच नव्हती.

व्हीडीआरएल १:३२ ला, म्हणजे रक्त बत्तीस पट पातळ करूनही, रिअ‍ॅक्टिव्ह आली. ती खात्री करायला टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी रक्ततपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह. हे मला सगळ्यात शेवटी कळलं, आणि ते योग्यच झालं. डॉक्टरांनी आधी मला बाहेर थांबवून ह्यांच्याशी बोलणं केलं, पत्नीला सांगू का म्हणून विचारलं, होकार मिळाल्यावर मग मला आत बोलावलं.

ह्यांना आदल्या दिवशीचं जेवण आठवत नव्हतं, पण १९८७ आठवत होतं. तेव्हा ते मुंबईत, गिरगावात चार जणांच्या खोलीत राहून नोकरी करत होते. आमचं लग्न १९९३ चं. "तेव्हा एक जखम आली होती. दुखत नव्हती. आपोआप भरली," एवढंच ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि उपचार न करताही भरून येते. माणूस डॉक्टरकडे जात नाही तो यामुळेच. त्या काळात बेन्झाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन मिळालं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

मला राग आला. लग्नाआधीची गोष्ट, तीन तपांपूर्वीची, तरी आला, आणि सोबत भीतीही. माझं काय, मुलांचं काय? मी जिन्यात जाऊन रडले. ती डॉक्टरीण तिथे मला शोधत आली आणि म्हणाली, "काकी, हा बॅक्टेरिया आहे. त्याला पेनिसिलिन लागतं. ते आपण देऊ. बाकीचं तुम्ही दोघांनी घरी गेल्यावर बघा." ते वाक्य मी त्या सबंध महिन्यात धरून राहिले. तुमच्यावर ही वेळ आली तर आजाराची चौकशी आधी करा. माणसाची चौकशी करायला पुढे आयुष्य आहे, आणि उपचाराच्या प्रत्येक आठवड्याचा उशीर मेंदूला भोवतो.

तिने केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने मेंदू आणि पाठीचा कणा काढून मला समजावलं. हा जंतू मळसूत्रासारखा पिळाचा असतो. लागण झाल्यावर थोड्याच काळात तो अनेकांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात उतरतो. बहुतेकांचं शरीर त्याला तिथून हुसकावतं. काहींमध्ये तो राहतो. मग काही वर्षांनी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांना सूज येऊन ऐन चाळिशीत पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. पंधरा, वीस, कधी तीस वर्षांनी मेंदूचा पुढचा भाग झिजतो, तेव्हा हिशेब चुकतात, विवेक सुटतो, माणूस मोठमोठ्या गप्पा मारू लागतो. पाठीच्या कण्यातल्या दोरीचा मागचा भाग झिजला की पाय जमिनीवर कुठे टेकलाय ते मेंदूला कळेनासं होतं. डोळ्यांनी बघून माणूस सांभाळून घेतो, डोळे मिटले की पडतो. पायातल्या कळा त्याच झिजेच्या. ह्यांच्यात यातलं शेवटचं दोन्ही एकत्र होतं. डोळे आणि कान तर आजाराच्या कुठल्याही टप्प्यावर सापडू शकतात, म्हणून त्यांचीही तपासणी झाली. ती सुदैवाने ठीक निघाली. चांदीची पालखी कुठून आली, हे मला त्या कागदावर कळलं आणि वर्षभर मनात साचलेला बराचसा कडवटपणा तिथेच गेला.

माझी रक्ततपासणी तिथल्याच सुरक्षा क्लिनिकमध्ये झाली. सरकारी इस्पितळांतली ही केंद्रं लैंगिक आजारांसाठीच असतात. तपासणी फुकट, समुपदेशक दार लावून बोलतात. सिफिलिस शारीरिक संबंधातून पसरण्याचा धोका लागण झाल्यापासून पहिल्या एक-दोन वर्षांत असतो, पुढे तो सहसा राहत नाही, हे तिथे समजलं. एका ताटात जेवण्याने, कपड्यांनी, संडासाने तो लागत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणाची कार्डं मी अजून ठेवली आहेत. १९९६ च्या कार्डावर व्हीडीआरएल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असं लिहिलेलं मुलाने घरून फोटो काढून पाठवलं. गरोदरपणात ही तपासणी करायची असते, आपण कार्ड उघडून बघत नाही इतकंच. नवा रिपोर्ट यायला तीन दिवस गेले. तोही स्वच्छ होता. ते तीन दिवस फार वाईट गेले, जेवण घशाखाली उतरत नव्हतं, आणि समोर ह्यांची सेवा चालूच होती.

तपासणीसाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढायचं ठरलं तेव्हा नातेवाइकांचे फोन सुरू झाले. पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, सही करू नकोस. डॉक्टरांनी सांगितलं की कण्यातली दोरी कमरेच्या वरच्या बाजूला संपते आणि सुई तिच्या खाली घालतात, तिथे फक्त पाणी आणि सुटे मज्जातंतू असतात. मेंदूत दाब वाढलेला नाही ना, हे आधी स्कॅनवर बघून घेतलं. ह्यांना कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला सांगितलं, पाठ बधिर केली, आणि थेंब थेंब करून तीन छोट्या नळ्यांत पाणी घेतलं. चमचाभर, फार तर दोन चमचे. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. नंतर दोन दिवस उठून बसलं की डोकं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. भरपूर पाणी आणि कॉफी दिली, ते गेलं.

पेशींचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. पाचपर्यंत चालतात, ह्यांच्या ४६ होत्या. प्रथिन वाढलेलं. पाण्यातली व्हीडीआरएल यायला आणखी काही दिवस लागले आणि ती रिअ‍ॅक्टिव्ह निघाली. तुमच्या माणसाची ती निगेटिव्ह आली तरी हायसं वाटून घेऊ नका. पाण्यातली ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर निदान पक्कं, पण कित्येकदा आजार असूनही ती निगेटिव्ह येते. तेव्हा पेशी, प्रथिन आणि लक्षणं एकत्र धरून डॉक्टर ठरवतात.

उपचार २७ जूनला सुरू झाला. क्रिस्टलाइन पेनिसिलिन, दर चार तासांनी ४० लाख युनिट शिरेतून, दिवसाला २४० लाख, चौदा दिवस. मेंदूत पुरेसं औषध पोचावं म्हणून हा एवढा डोस. नेहमीचं कुल्ल्यावरचं इंजेक्शन इथे पुरत नाही. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, मध्यरात्री दोन. पहिल्या डोसाआधी हातावर टोचून ॲलर्जी पाहिली.

पहिल्या संध्याकाळी थंडी वाजून ताप चढला, बडबड वाढली, खाट हलेपर्यंत कापरं भरलं. हे होणार म्हणून आधीच बजावलं होतं. एकदम खूप जंतू मरतात तेव्हा पहिल्या चोवीस तासांत असा ताप येतो, ती ॲलर्जी नव्हे, औषध थांबवायचं नाही. आधी कुणी सांगितलं नसतं तर मीच सलाइन बंद करा म्हणून ओरडले असते. रात्रपाळीची सिस्टर पॅरासिटामॉल देऊन जाताना कोंकणीत "भियेनाका" म्हणून खांद्यावर हात ठेवून गेली. त्या रात्री इंटर्न मुलाने मला सांगितलं की पेनिसिलिन नव्हतं तेव्हा व्हिएन्नातले वाग्नर-याउरेग नावाचे डॉक्टर याच आजाराच्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया देऊन ताप आणत, आणि त्यासाठी त्यांना १९२७ चं नोबेल मिळालं. मलेरियाने काहीजण दगावत, तरी लोक तयार होत, कारण नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात लकवा होऊन मरणं ठरलेलं असे. सकाळपर्यंत ह्यांचा ताप उतरला. सहाचा डोस वेळेवर गेला.

पुढचे दिवस शिरांचे. एवढं औषध जाऊन शीर दोन-तीन दिवसांत लाल होते, दुखते, मग सुई दुसरीकडे. हात सुजला की लगेच सिस्टरांना दाखवायचं, सकाळची वाट बघायची नाही. मी दिवसा, मुलगा रात्री, अशी पाळी लावली. कदंबच्या बसने साखळीहून पणजी आणि पणजीहून बांबोळी, जुलैच्या पावसात. घरून पेज, लोणचं आणि गरम पाण्याचा थर्मास नेत असे. मध्यरात्री दोनचा डोस गेला की नाही हे मुलगा वहीत वेळ टाकून लिहायचा. त्या वहीमुळे एकदा शीर बंद पडून अर्धाच गेलेला डोस लक्षात आला आणि पुरा झाला. अशी वही तुम्हीही ठेवा. इस्पितळात औषध, खाट, तपासण्या यांचा खर्च आला नाही. गोव्याचे रहिवासी असल्याचा कागद पहिल्या दिवशीच लागला. जाण्यायेण्याचं, जेवणाचं, डायपरचं मिळून सहा-सात हजार झाले असतील.

भेटायला येणारे विचारत, काय झालं? आम्ही एकच उत्तर ठरवून ठेवलं, मेंदूला इन्फेक्शन झालंय, पेनिसिलिन चालू आहे. ते शंभर टक्के खरं आहे आणि त्यापुढचं सांगायला आपण कुणाला बांधलेलो नाही. घरातल्या सगळ्यांनी तेच एक उत्तर द्यावं, हे महत्त्वाचं. मुलांना मात्र सगळं सांगितलं. मुलगी पुण्याहून आली, बापाशेजारी बसली, नखं कापून दिली. तिने एक प्रश्न विचारला नाही.

चौदा दिवसांत मोठा फरक दिसेल अशी आशा धरू नका. ११ जुलैला घरी आणलं तेव्हा बोलणं थोडं सरळ झालं होतं, राग कमी होता, बस्स. नंतर तीन आठवडे, आठवड्याला एक, बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख, दोन्ही कुल्ल्यांवर अर्धं अर्धं. इंजेक्शन फार दुखतं. औषध घट्ट असतं, म्हणून देणाऱ्याला हळू द्यायला सांगा आणि नंतर गरम शेक द्या. हे औषध प्रत्येक केमिस्टकडे नसतं. फोनवर चौकशी करूनच घराबाहेर पडा.

खरी सुधारणा ऑक्टोबरनंतर दिसायला लागली. आधी झोप लागली. मग वर्तमानपत्राचं पहिलं पान सबंध वाचू लागले. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा पाठीचं पाणी काढलं. पेशी ४ वर आलेल्या. रक्तातली व्हीडीआरएल १:१६, जुलैमध्ये १:८, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात १:४. आकडा चारपटीने खाली आला की डॉक्टरांचं समाधान होतं. मधल्या काळात घरचे व्यवहारही लावून घेतले. बँकेची खाती संयुक्त केली, मोठ्या रकमेला माझी सही लागेल असं केलं. देवस्थान समितीच्या अध्यक्षांना मी जाऊन भेटले, पालखीचा शब्द आजारात दिलेला होता असं सांगितलं. ते म्हणाले, वहिनी, तो विषय इथे संपला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

जे परत आलं नाही तेही लिहायला हवं. झिजलेला मेंदू पेनिसिलिनने भरून येत नाही, झीज थांबते. ह्यांना आजही नवी नावं लक्षात राहत नाहीत, लांब बेरीज जमत नाही. काठी लागते, अंधारात चालू देत नाही, न्हाणीघरात आता स्टूलवर बसून अंघोळ. पायातल्या कळा कधीमधी येतात, त्यावर वेगळी गोळी आहे. आकडीची गोळी चालू आहे. पण बोलतात ते कळतं, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जातात, आणि तो जुना, शांत स्वभाव मला परत मिळाला आहे. ते दोघांचं बोलणंही झालं, घरी, बऱ्याच उशिरा, ह्यांच्यात ते बोलण्याची ताकद आल्यावर. त्याविषयी इथे लिहिणार नाही.

फाइलमध्ये काय ठेवायचं ते सांगते. पहिला व्हीडीआरएल आकड्यासकट, कारण पुढचा प्रत्येक रिपोर्ट त्याच्याशी ताडून बघतात. शक्यतो सगळ्या तपासण्या एकाच प्रयोगशाळेत करा. पाठीच्या पाण्याचे दोन्ही रिपोर्ट, पेनिसिलिनचा डोस आणि तारखा लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड. पेनिसिलिनची ॲलर्जी निघाली तर सेफ्ट्रिआक्सोन हे दुसरं अँटिबायोटिक देतात किंवा इस्पितळात अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन शरीराला पेनिसिलिनची सवय करतात, तेव्हा तेवढ्यावरून उपचार सोडून देऊ नका. टीपीएचए मात्र बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधीच्या तपासणीत ह्यांची ती परत पॉझिटिव्ह आली आणि तिथल्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं, त्यांनी वाचलं, आणि ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.